राहीबाईचा आराम

गोठ्याच्या पत्र्याखालचा लोखंडी अँगल बुटका बसलाय, हे राहीबाईनं तो बसवला त्याच दिवशी सांगितलं होतं. नवरा कृष्णात, फौजेतून रिटायर झालेला हवालदार, शिडीवर उभा राहून नट आवळत होता. त्यानं वरूनच उत्तर दिलं, "बघून चालाय काय हुतंय?" पुढं तिनं निदान त्या धारेला गोणपाट तरी गुंडाळा म्हणून किती दिवस टुमणं लावलं. गोणपाट गोठ्यातच पडून होतं, कृष्णात घरातच पडून होता, पण दोघांची गाठ काही पडली नाही. साहेबानं सांगितलं असतं तर त्यानं अख्खा गोठा गुंडाळून ठेवला असता. बायकोनं सांगितलेलं काम, त्याला कसली आलीय घाई.

मग व्हायचं ते झालं. एका मंगळवारी सकाळी धारा काढून झाल्यावर म्हशीपुढं वैरण सारून राहीबाई उठली ती थेट त्या अँगलच्या धारेवर. कपाळाच्या वर, केसांत फुटलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि ती शेणातच बसली. बसल्या जागेवरून तिला पहिलं काय दिसलं, तर दुधाची किटली लवंडलीय. तिनं आधी किटली सरळ केली आणि मग पदर डोक्याला लावला. आता अशा बाईला काय म्हणायचं? पण तिला तसंच वळण लागलं होतं, आणि ते लावणारे सगळे मजेत होते.

शेजारी भावकीतला आप्पासो राहायचा. त्याच्या जीपमधून तिला कुंडलवरून सांगलीला दवाखान्यात नेलं. टाके पडले, डोक्याचा फोटो काढला. फोटो चांगला आला. राजेश्वरी नावाची तरणी डॉक्टर होती, बोलायला गोड. तिनं राहीबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि विचारलं, "मावशी, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"गाव कुठलं?"

"कुंडल."

"मालकांचं नाव काय?"

राहीबाई गप्प. तिनं पदर सावरला आणि भिंतीकडं बघत बसली. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, आठवतंय का? नवऱ्याचं नाव?"

तेव्हा कृष्णात हसला. "म्याडम, तसं काय न्हाई. आमची फॅमिली माझं नाव घेत न्हाई. लगीन झाल्यापास्नं न्हाई. आमच्या घराचं जुनं वळण हाय." फौजेतली माणसं बायकोला फॅमिली म्हणतात, तसाच तो म्हणायचा. आणि हे सांगताना त्याची छाती अशी फुगली होती की जणू नाव न घेण्याचं पदक त्यालाच मिळालंय. डॉक्टरही हसली. म्हणाली, "बरं, नाव नको, दाखवा तरी." राहीबाईनं बाजूला बोट केलं. "ह्ये."

मग डॉक्टरनं कृष्णातला समजावून सांगितलं. तो सावधानमध्ये उभा राहून ऐकत होता. मेंदूला हादरा बसलाय, पण आत रक्त साकळलेलं नाही, भरती करायची गरज नाही, घरीच आराम करू द्या. "पण काका, आराम म्हणजे आराम. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गॅसपुढं उभं राहायचं नाही. टीव्ही, मोबाईल, गोंगाट काही नको. झोपतील तेवढं झोपू द्या. अधूनमधून उठवून दोन प्रश्न विचारा, वार, गाव, माणसं ओळखतात का. उलट्या झाल्या, काहीतरी बरळायला लागल्या, माणूस ओळखेनाशा झाल्या, तर वेळ न घालवता घेऊन या. पुन्हा त्याच जागी लागलं किंवा विश्रांती मिळाली नाही, तर हे डोकं महिनोन् महिने दुखत राहील."

"आडर इज आडर, म्याडम," कृष्णात म्हणाला.

आता, आराम म्हणजे काय हे कृष्णातला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं तो चांगला चापून घेतलेला होता. मागं एकदा पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेला आणि येताना मोटारसायकलवरून घसरून असाच डोक्यावर आपटला. तेव्हाही फोटो चांगला आला आणि घरी आराम करा म्हणून सोडलं. त्या वेळी राहीबाईनं काय काय केलं ते कुंडलातली कुठलीही बाई सांगेल. माजघराच्या खिडकीला वाकळ लावली. टीव्हीची वायर काढून कणगीत टाकली. पहाटे आरवतो म्हणून कोंबडा आप्पासोला देऊन टाकला. बघायला येणाऱ्यांना उंबऱ्यातूनच परत लावलं, "झोपल्यात, डाक्टरनं उठवू नगा म्हणून सांगितलंय." त्याची थोरली बहीण शालनआक्का शिराळ्यावरून आली, तर तिलाही बाहेरच्या खोलीत थांबवलं. शालनआक्का ते अजून काढते. डोक्याला मार लागल्यावर माणूस चिडका होतो, मनावर घेऊ नका, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. कृष्णातनं ताट भिरकावलं की राहीबाई भात गोळा करायची आणि मनावर घ्यायची नाही. उसाला पाणी पाजायची पाळीसुद्धा त्या दिवसांत तिनंच धरली. गाव तिला खाष्ट म्हणालं, पण कृष्णातचं डोकं बरं झालं.

त्यामुळं घरी येताना जीपमध्ये तिच्या मनात एकच होतं. तिला दुसरं काहीसुद्धा नको होतं. माजघराचं दार लोटायचं, खिडकीला तीच वाकळ लावायची, आणि कुणीही हाक न मारता पडून राहायचं. एवढंच. डोकं आतून ठणकत होतं, उजेड डोळ्यांत घुसत होता, आणि तिला वाटत होतं की आता आपली पाळी आली.

घरी पोचली, तर ओसरीवर माणसं बसलेली.

आपल्याकडं दवाखान्यातून आलेल्या माणसाला बघायला जायचं असतं. न जाऊन भागत नाही. न जाणारा पुढं कायमचा बोलण्यात येतो. मग बिस्किटाचा पुडा घ्यायचा नाहीतर केळी घ्यायची, यायचं, कसं झालं, कुठं लागलं ते पहिल्यापासून ऐकायचं, आपल्या ओळखीत असंच लागून कोण कोण मेलं ते सांगायचं, चहा प्यायचा आणि जायचं. पेशंट पुरुष असला की त्याची बायको चहा करते. पेशंट बाई असली की चहा कोण करतं, याचा विचार ही रीत पाडणाऱ्यानं केलेला नाही.

"आगं, उठू नगंस, पडून ऱ्हा," प्रत्येक जण म्हणायचा. आणि बसायचा.

कृष्णात ओसरीवर मध्ये बसून सगळं रंगवून सांगायचा. सांगता सांगता अँगलची गोष्ट मागं पडायची आणि साताऱ्याच्या रस्त्यावर तो स्वतः कसा घसरला होता तेच जास्त यायचं. मग आत तोंड करून हाक. "अगं, ऐकलंस का? पलूसची माणसं आल्यात."

राहीबाई भिंत धरून उठायची.

"आवं, मला जरा पडायचंय," ती पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हणाली.

"पड की. कोन नगं म्हंतंय?" कृष्णात म्हणाला. "एवढा च्या तेवढा दिऊन पड."

बरं, घरात दुसरं कुणी नव्हतं का? मुलगा ऋषिराज फौजेत, लांब बर्फात. त्यानं व्हिडिओ कॉल केला, "आई, फुल रेस्ट घे." त्याची बायको रेश्मा मुलांच्या शाळेपायी साताऱ्याला राहायची. ती म्हणाली, "परीक्षा संपली की येतेच. तोवर शालनआत्या आहेत न्हवं." आणि शालनआक्का खरंच आली होती. भावजयीची सेवा करायला म्हणून पिशवी घेऊन शिराळ्यावरून बुधवारी आली आणि माजघरातल्या कॉटवर बसली. ती बसली ती बसलीच. टीव्ही माजघरात होता आणि तिच्या मालिका चुकवून चालत नव्हत्या. आवाज मोठा लागायचा, कारण ऐकायला कमी येतं. राहीबाईनं आपलं अंथरूण मागच्या कोठीच्या खोलीत नेलं, खताच्या पोत्यांशेजारी.

"तू उठू नगंस बघ, मी करती की समदं," शालनआक्का म्हणायची. "खरं मला तुजा ग्यास पेटवाय येत न्हाई. आन डबं कुठं कुठं ठिवलंयस बाई, साखर म्हणून घावत न्हाई." मग राहीबाई उठून साखर काढून द्यायची. आणि साखर काढायला उठलीच आहे, तर चहाही टाकायची. आणि चहा टाकलाच आहे, तर शालनआक्काला भाकरीची वेळ झालेली असायची. माणूस सेवेला आलंय, त्याला उपाशी कसं ठेवायचं? त्यात शालनआक्काला शिळी भाकरी सोसत नव्हती.

कृष्णातनं मात्र एक काम चोख केलं. डॉक्टरनं प्रश्न विचारायला सांगितले होते, ते तो विचारायचा. पण तो विचारायचा कधी, तर ओसरीवर माणसं भरली की. आतून तिला बोलवायचा, उभी करायचा आणि हजेरी घ्यायचा.

"वार कोणता?"

"गुरुवार."

"गाव?"

"कुंडल."

आप्पासोकडं बोट. "ह्यो कोण?"

"आप्पासो भावजी."

"पास," कृष्णात म्हणायचा, आणि ओसरी हसायची. "बघितलासा? डोकं एक नंबर हाय. टाक मग च्या."

असं चाललं होतं. तिनं बरोबर सांगितलं की ती धडधाकट, आणि धडधाकट बाई पडून कशी राहील? तिला ते हळूहळू कळायला लागलं. पण चुकीचं उत्तर तिच्या तोंडातून निघेना. शाळेत चौथीपर्यंत गेलेली, वाईच्या बाजूच्या माहेरात मास्तरांची लाडकी होती. विचारलं की खरं ते सांगायचं, हेच तिला ठाऊक.

डोकं दुखायचं काही राहत नव्हतं. वाकलं की घर फिरायचं. कालवणात मीठ दोनदा पडलं, तर शालनआक्का म्हणाली, "लक्ष कुठं आसतंय गं तुजं?" भांडी घासताना डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. ती रडत नव्हती, नुसतं पाणी यायचं. कृष्णातला सांगितलं की तो म्हणायचा, "मला बी तसंच हुईत हुतं. जातंय हळूहळू." तिला विचारायचं होतं, कुणामुळं गेलं? पण विचारलं नाही. ज्याला आठवत नाही त्याला विचारून काय उपयोग, आणि ज्याला आठवतंय आणि तरी असं वागतो, त्याला तर विचारूच नये.

शनिवारी दुपारी शालनआक्का जेवून कॉटवर लवंडली होती आणि ओसरी रिकामी होती. राहीबाई कोठीच्या खोलीत अंधारात पडली. पंखा नव्हता, खताचा वास होता, पण शांत होतं. मंगळवारपासून पहिल्यांदाच ठणका ओसरत होता. झोप अगदी पापणीवर आली होती.

"अगं, ऐकलंस का? दादासो आल्यात. ऊठ."

दादासो हा कृष्णातच्याच पलटणीतला, आता पलूसला राहायचा. बायकोला घेऊन आला होता. राहीबाई उठली. स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं काढायला खाली वाकली आणि सगळं फिरलं. तिनं ओट्याची कड धरली म्हणून डोकं आपटलं नाही, पण पातेलं हातून गेलं. फरशीभर दूध झालं.

ओसरीवरून आवाज आला, "काय पडलं?"

ती तशीच ओटा धरून उभी होती. कुणी तरी आत येईल असं तिला वाटलं. खरंच वाटलं. तिनं दाराकडं बघितलंसुद्धा.

"दूध सांडलं व्हय?" कृष्णात तिथूनच म्हणाला. "आसू दे, आसू दे. दादासोला बिनदुधाचा चालतोय."

राहीबाई ओसरीच्या दारात येऊन उभी राहिली. लुगड्याचा काठ दुधानं भिजला होता. कृष्णात रंगात आला होता. "थांब दादासो, आता गंमत बघ. वार कोणता?"

"शनिवार."

"गाव?"

"कुंडल."

"ह्यो कोण?"

"दादासो भावजी."

"आन मी कोण?" कृष्णातनं विचारलं आणि डोळा मिचकावून दादासोकडं बघितलं. ती आता पदर तोंडाला लावून लाजणार, आणि मग तो जुन्या वळणाची गोष्ट सांगणार, असा बेत होता.

"कृष्णात," राहीबाई म्हणाली.

कृष्णातचा मिचकावलेला डोळा तसाच राहिला.

"कृष्णात, च्या तुमी करा," ती सावकाश म्हणाली. "मी झोपती."

दादासोच्या बायकोनं पदराचा बोळा तोंडात धरला. आत माजघरात कॉट करकरली. ऐकायला कमी येणाऱ्या शालनआक्कालाही ते नीट ऐकू आलं होतं. ती धडपडत बाहेर आली. "आगं आई गं. नाव घेतलं. न्हवऱ्याचं नाव घेतलं हिनं, पावण्यांम्होरं."

कृष्णातच्या तोंडावरचा रंग उतरला. तो उठला, तिच्याजवळ आला, पण हात लावायला घाबरला. "म्याडम म्हणाल्या हुत्या," तो पुटपुटला. "बरळाय लागली तर आणा म्हणून." मग ओरडला, "आप्पासो, जीप काढ."

"मला काय झालं न्हाई," राहीबाई म्हणाली.

"व्हय व्हय, काय झालं न्हाई," सगळे एकदम म्हणाले. लहान मुलाशी आणि वेड्या माणसाशी बोलताना जो आवाज लागतो, तो आवाज लागला होता. तिला कळलं. तिनं मान खाली घातली आणि जीपमध्ये बसली.

आणि मग काय सांगावं. पाठीला तक्क्या आला. डोकं शालनआक्काच्या मांडीवर आलं. कृष्णातनं स्वतः पाण्याची बाटली धरली. आप्पासोनं हॉर्न वाजवला तर त्याला दम भरला, "डोसक्याला तरास हुतोय तिच्या, कळत न्हाई रं तुला?" प्रत्येक स्पीडब्रेकरला जीप मुंगीच्या पायानं चालली. कुणी बोलत नव्हतं. दोन्ही बाजूंनी उसाचे फड मागं जात होते आणि वारा लागत होता. इतके दिवस जे तिनं मागितलं होतं, ते सगळं त्या जीपमध्ये होतं. राहीबाईला हसू आलं, आणि ते कडू होतं. म्हणजे शहाणी असेपर्यंत गॅस, आणि वेडी झाली की उशी. असा हिशेब आहे तर.

सांगलीला तीच राजेश्वरी डॉक्टर होती. तिनं डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय हलवायला लावले, टाके बघितले.

"मावशी, वार?"

"शनिवार."

"गाव?"

"कुंडल."

"मालकांचं नाव आज सांगणार का?"

"कृष्णात."

"अरे वा," डॉक्टर हसली. "मागच्या वेळी गप्प बसला होतात. आज किती छान सांगितलंत."

"म्याडम, त्येच तर म्हंतोय मी," कृष्णात रडकुंडीला आला होता. "हिनं नाव घेतलं. चारचौघांत घेतलं. च्या बी करा म्हणाली मला."

"काका, नवऱ्याचं नाव घेणं हा काही आजार नाही. या एकदम व्यवस्थित आहेत. घरी आराम चाललाय ना नीट?"

"समदा आराम हाय, म्याडम. भन आलीया सेवंला." शालनआक्कानं मान डोलावली.

"मला हितं ठिवून घ्या," राहीबाई म्हणाली.

"कशाला मावशी? काही गरज नाही. इथं डास, आवाज, शेजारचे पेशंट. घरच्यासारखा आराम इथं कुठं मिळणार?"

राहीबाई आणखी काय सांगणार होती? मला चहा करायला लावतात, म्हणून दवाखान्यात ठेवा? मारहाण नाही, दारू नाही, उपाशी ठेवलं नाही. नुसता चहा. हे कुणापुढं सांगायचं आणि कुठल्या तोंडानं? ऐकणारा हसला असता. तिचं दुःख एवढं बारीक होतं की ते सांगताही येत नव्हतं, आणि त्याच्याखाली ती चेंगरत होती.

कृष्णातच्या जिवात जीव आला. त्यानं लगेच खिशातून मोबाईल काढला. "दादासो, आरं काय न्हाई गड्या. एक नंबर हाय फॅमिली. तुमी तितंच बसा, हलू नगा. आलोच आमी. च्या घिऊनच जायाचं."

राहीबाईनं ते ऐकलं. माणसं अजून ओसरीवरच होती. फरशीवरचं दूधही तसंच असणार, आता वाळून चिकट झालेलं, आणि ते पुसायला वाकावं लागणार.

डॉक्टर गोळ्या लिहीत होती. लिहिता लिहिता, शेवटचं म्हणून तिनं मान वर केली. कृष्णातकडं पेन दाखवून सहज विचारलं, "आणि मावशी, हे कोण उभे आहेत?"

राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. या माणसाला चहात साखर किती लागते ते तिला ठाऊक होतं. तो कुठल्या कुशीवर झोपतो, थंडीत त्याचा कुठला गुडघा धरतो, कुठल्या साहेबाचं नाव काढलं की त्याला राग येतो, सगळं ठाऊक होतं. आणि तो तिच्याबद्दल काय जाणतो, हे तिनं आठवून बघितलं. बराच वेळ आठवलं. काही सापडलं नाही.

बरोबर उत्तर दिलं की काय होतं ते तिला आता पाठ झालं होतं.

"वळखत न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"बघितल्यावाणी वाटतंय. खरं वळखत न्हाई."

कृष्णातच्या हातून मोबाईल पडला. शालनआक्कानं तिथंच फरशीवर बसकण मारली. डॉक्टर उठून जवळ आली, पुन्हा बॅटरी, पुन्हा प्रश्न. वार, गाव, सगळं राहीबाईनं नीट सांगितलं. फक्त त्या एका माणसापाशी आली की मान हलवायची. डॉक्टरनं पुन्हा फोटो काढायला सांगितला आणि भरती करून घेतलं. "देखरेखीखाली राहू देत. पूर्ण विश्रांती. भेटायला एका वेळी एकच माणूस, तेही संध्याकाळी."

राहीबाईला खिडकीजवळची कॉट मिळाली. नर्सनं पडदा ओढला. ती झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत झोपली. जागी झाली तेव्हा वॉर्डातली मावशी चहा घेऊन उभी होती. चहा पाणचट होता, कोमट होता आणि त्यात साखर फार होती. राहीबाईनं तो दोन्ही हातांत धरला. आपण न केलेला, आपल्यासाठी कुणी तरी आणलेला चहा शेवटचा कधी प्यायलो, ते तिला आठवेना. तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि मग पदर डोळ्यांना लावला. या खेपेला ती खरीच रडत होती.

आपण काय करून बसलो हेही तिला कळत होतं. खोटं बोललो याचं तिला फार वाटलं नाही. पण आता गावात तिच्या डोक्यावर परिणाम झालाय हे पक्कं झालं. उद्या ती घरी जाईल, बरी होईल, खणखणीत होईल, पण तिनं कशाला नाही म्हटलं की लोक एकमेकांकडं बघतील आणि म्हणतील, तिला लागलं होतं तेव्हापासून. मरेपर्यंत तिचं खरं बोलणं त्या अँगलच्या खात्यावर जमा होणार. हे सगळं तिनं पडल्या पडल्या विचार करून बघितलं, आणि तरी तिला ते परवडलं. म्हणजे आधी किती महाग पडत असेल, बघा.

संध्याकाळी कृष्णात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. डोळे लाल होते. स्टूल ओढून बसला. मग पुढं वाकला.

"राही," तो म्हणाला.

लग्न होऊन आल्यापासून अगं, ऐकलंस का, फॅमिली, ऋषीची आई, हेच ऐकलं होतं. नावानं हाक त्यानं आजवर कधी मारली नव्हती. त्या एका शब्दानं तिचा सगळा राग विरघळायला लागला. त्याचा हात कॉटच्या कडेवर होता. पुरे झालं, तिला वाटलं. सांगावं आता. आवं, मला काय झालं न्हाई, एवढंच म्हणावं. तिनं कूस बदलली आणि त्याच्याकडं तोंड केलं.

कृष्णातनं टॉवेलनं डोळे पुसले. "राही," तो पुन्हा म्हणाला, "मला वळखलं न्हाईस तरी चालंल बघ. खरं एवढं सांग. घरी लय माणसं आल्यात तुजी चवकशी कराय. ओसरीवर बसाय जागा न्हाई. आन शालनआक्काला सकाळधरनं साखरंचा डबा घावंना. कुठं ठिवलायस?"

राहीबाई त्याच्याकडं बघत राहिली. विरघळायला लागलेला राग परत जिथं होता तिथं जाऊन बसला.

"तुमी कोण?" तिनं विचारलं. आज तिला सोंग करावं लागलं नाही. मग तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि चादर कानावर ओढून घेतली.